ऑर्डरी भरपूर आहेत, तेव्हाच ऑटोमेशनकडे बघा

कारखान्यात ऑटोमेशनचा विषय बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी निघतो. एखादा मोठा कस्टमर रिजेक्शन वाढलं म्हणून ऐकवून गेलेला असतो, किंवा रात्रपाळीला माणसंच मिळत नसतात, किंवा दुसऱ्या कोणीतरी तोच पार्ट कमी भावात द्यायला सुरुवात केलेली असते, आणि मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं की आता रोबोट बसवूनच टाकू. तिथून पुढे सगळं घाईत. कोटेशन घाईत, ऑर्डर घाईत, ट्रायल तर जवळजवळ नाहीच, आणि सेल, म्हणजे रोबोट आणि त्याच्या भोवतीचं सगळं सामान, येऊन उभा राहिला की कळतं पार्ट धरायला धड फिक्स्चरच नाहीये. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. शॉपफ्लोअरवर बरीच वर्षं काढल्यावर माझं मत एवढं पक्कं झालंय की ऑटोमेशन करायची खरी वेळ म्हणजे सगळं बरं चाललेलं असतं तीच, जेव्हा कोणाला त्याची घाई नसते.

असं का, ते नीट सांगतो, कारण यामागे साधं गणित आहे.

नवीन सेल लाईनवर बसला की पहिले काही आठवडे उत्पादन वाढत नाही, उलट घसरतं. सेन्सर कुठे तरी उगाच ट्रिप होतो, ग्रिपरच्या बोटांमधून पार्ट निसटतो, प्रोग्राममध्ये एखादी परिस्थिती कोणी धरलेलीच नसते. हे सगळं निस्तरायला वेळ लागतो आणि त्या काळात जुनी पद्धतही शेजारी चालू ठेवावी लागते. हातात थोडा साठा असेल, डिलिव्हरीचा ताण कमी असेल तर हा काळ निघून जातो. पण कस्टमर दारात उभा असताना हेच केलंत तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी वैतागून म्हणणार की बाजूला काढा तो रोबोट, हाताने चालवा, आणि मग तो सेल कव्हर घालून कोपऱ्यात पडून राहतो. असे धूळ खात पडलेले सेल बघितले की वाईट वाटतं, कारण मशीन बहुतेकदा चांगलं असतं, त्याला फक्त सुधारायला वेळ मिळालेला नसतो.

दुसरं म्हणजे सामान वेळेवर मिळेलच असं नाही. 2021 आणि 2022 मध्ये जगभर चिपची टंचाई होती तेव्हा मशीनला हुकूम देणाऱ्या साध्या पीएलसीसाठी, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हसाठी लोकांनी कित्येक महिने वाट बघितली. ज्यांनी आधीच काम सुरू केलेलं होतं त्यांचं थोडं लांबलं, पण ज्यांनी गळ्याशी आल्यावर ऑर्डर टाकली त्यांचं पार अडकलं.

आता ऑटोमेशन म्हणजे नक्की काय, हे एकदा मोकळं करून घेऊ, कारण हा शब्द ऐकला की सगळ्यांच्या डोळ्यापुढे तो पिवळा किंवा केशरी हात फिरायला लागतो. रोबोट हा त्यातला एक भाग. पार्ट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आपोआप सरकवणारा कन्व्हेयर म्हणजे ऑटोमेशन, चुकीच्या बाजूने पार्ट बसूच नये म्हणून फिक्स्चरला लावलेली एक पिन हेही त्याच रस्त्यावरचं पहिलं पाऊल, टाकीतली लेव्हल बघून पंप बंद करणारा सेन्सर हेही तेच, आणि मशीन दिवसभरात किती वेळ थांबलं याची नोंद आपोआप करणारं सॉफ्टवेअर हेही. सगळ्यांच्या मुळाशी तीनच गोष्टी असतात, कोणीतरी बघतं, कोणीतरी ठरवतं आणि कोणीतरी हालचाल करतं. बघायचं काम सेन्सरचं, ठरवायचं काम कंट्रोलरचं, आणि हालचाल मोटर, सिलिंडर, व्हॉल्व्ह यांची. एवढं लक्षात ठेवलं तरी व्हेंडरचं अर्धं प्रेझेंटेशन समजायला लागतं.

तो कंट्रोलर म्हणजे पीएलसी, आणि त्याच्या जन्माची गोष्ट आजच्या विषयाला अगदी लागू आहे म्हणून सांगतो. 1960 च्या दशकात गाड्यांच्या कारखान्यांत मशीनचं सगळं लॉजिक रिलेंवर, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांवर, चालायचं, मोठमोठी कपाटं भरून रिले आणि त्यांच्यातून गेलेली वायरची जंगलं. गाडीचं मॉडेल बदललं की वायरिंग उपसायचं, पुन्हा करायचं, एक रिले चिकटला तर तो शोधण्यात शिफ्ट जायची. 1968 मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या रिलेंच्या जागी काहीतरी असं मागितलं जे वायर न बदलता प्रोग्राम बदलून चालेल, आणि डिक मॉर्ली आणि त्यांच्या सोबतच्यांनी 1969 मध्ये मोडिकॉन 084 दिला. त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती, प्रोग्राम लिहायची पद्धत रिलेच्या नकाशासारखीच ठेवलेली, तीच लॅडर, म्हणजे प्लँटमधल्या इलेक्ट्रिशियनला ती बघून लगेच कळावी. आज इतक्या वर्षांनीही लॅडर चालते याचं कारण तेच. यंत्र नवीन होतं पण ते ज्यांनी सांभाळायचं त्या माणसाची भाषा त्यात आधीच धरलेली होती. ऑटोमेशन टिकतं कुठे आणि फसतं कुठे याचं जवळजवळ निम्मं उत्तर यात आहे.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त महाग पडते तिच्याकडे येतो. एका सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशीनचं उदाहरण घ्या. ऑपरेटर दार उघडतो, झालेला पार्ट काढतो, नवा पार्ट लावतो, क्लँप करतो, दार बंद, सायकल स्टार्ट. कागदावर हे काम म्हणजे रोबोटसाठीच बनलेलं, एकसारखं, कंटाळवाणं, दिवसभर तेच. म्हणून रोबोट लावला. पहिले शंभर पार्ट मस्त निघाले आणि मग अचानक एकामागून एक पार्टचं भोक सरकायला लागलं, कधी थोडं, कधी बरंच. प्रोग्राम बघितला, टूल बघितलं, सगळं ठीक. शेवटी त्या मशीनवर आधी काम करणाऱ्या ऑपरेटरला बोलावलं, त्याने एक सायकल नुसती बघितली आणि विचारलं, "हवा कोण मारतं?" तो दर वेळी नवा पार्ट लावायच्या आधी एअर गनने फिक्स्चरच्या सीटवर, म्हणजे पार्ट टेकतो त्या जागेवर, एक फुंकर मारायचा आणि बोट फिरवून बघायचा, बुरा म्हणजे धातूचा कीस अडकलाय का ते. एका सेकंदाचं काम. त्याने ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं, प्रोसेस शीटवर ते नव्हतंच, आणि त्याच्या हाताला ती इतकी सवय झालेली की त्यालाही ते वेगळं काम वाटत नव्हतं. रोबोटला ते माहीत असायचं कारण नाही. बुऱ्याचा एक कण सीटखाली राहिला की पार्ट तिरपा बसतो, आणि रोबोट तो तिरपा पार्ट त्याच वेगाने, तितक्याच मन लावून खराब करत राहतो.

उपाय सोपा होता, सीटमधूनच हवा सोडणारी बारीक भोकं, आणि पार्ट नीट टेकला का हे बघायला हवेच्या दाबावर चालणारा सीट चेक, पार्ट पूर्ण टेकला तर दाब वाढतो, फट राहिली तर वाढत नाही आणि मशीन चालूच होत नाही. पण हे आधी कळलं असतं तर फिक्स्चर पहिल्यापासून तसंच बनलं असतं. म्हणून मी म्हणतो की ऑटोमेशनच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं. माणूस दिवसभरात अशा कितीतरी छोट्या गोष्टी सांभाळून घेत असतो, वाकडा पार्ट सरळ करतो, आवाज बदलला की टूल बघतो, तेल कमी वाटलं की टाकतो, आधीच्या स्टेशनवरून आलेला खराब पार्ट गुपचूप बाजूला ठेवतो. हे सगळं म्हणजे प्रोसेसमधल्या खड्ड्यांवर त्याने टाकलेल्या फळ्या आहेत. माणूस काढला की फळ्या जातात आणि खड्डे दिसायला लागतात. गडबडीत ऑटोमेशन करणाऱ्याला हे खड्डे मशीन बसल्यावर दिसतात, आणि निवांतपणे करणाऱ्याला आधी दिसतात, फरक एवढाच पण त्याची किंमत मोठी असते.

सुरुवात कुठून करायची हा पुढचा प्रश्न, आणि इथे लोक बहुतेक वेळा जे काम डोळ्यात भरतं तिथून करतात. समजा चार स्टेशनची लाईन आहे, कटिंगला 40 सेकंद, ड्रिलिंगला 55, वॉशिंगला 30 आणि शेवटच्या तपासणीला 90 सेकंद. कटिंगवर रोबोट लावला, 40 चे 25 झाले, सगळे खूश. तासाला किती पार्ट बाहेर पडणार? आधीही 40 आणि आताही 40, कारण लाईन 90 सेकंदांच्या तपासणीच्या वेगानेच चालणार, फक्त तपासणीच्या समोर पार्टांचा ढीग आधीपेक्षा मोठा होणार. त्याऐवजी तपासणीत पार्ट बसतो की नाही एवढंच बघून पास-नापास ठरवणारं एखादं गो-नो गो गेज, नीट लाईट आणि पार्ट फिरवायला एक साधी टर्नटेबल देऊन 90 चे 60 केले तर तासाला 60 पार्ट, म्हणजे दीडपट, आणि रोबोट कुठेच नाही. बॉटलनेक आधी शोधा असं सगळे म्हणतात, पण तो घड्याळ घेऊन मोजायचा असतो. अंदाजाने ठरवला की तो हमखास ज्याच्याबद्दल सगळे तक्रार करतात त्याच मशीनवर जाऊन बसतो.

मोजायचं म्हटलं की ओईई, म्हणजे ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, हा शब्द येतो. ऐकायला जड आहे पण प्रश्न साधा आहे, एका शिफ्टमध्ये जेवढे चांगले पार्ट निघू शकले असते त्यातले खरंच किती निघाले. शिफ्ट 480 मिनिटांची, त्यात ब्रेकडाऊन आणि सेटिंगमध्ये 60 मिनिटं गेली, राहिली 420. पार्टचा ठरलेला वेळ एक मिनिट, म्हणजे 420 निघायला हवेत, पण निघाले 357 कारण मधे मधे बारीकसारीक थांबणं, हळू चालवणं. त्यातले चांगले 340. आता 340 भागिले 480, म्हणजे साधारण 71 टक्के. या 29 टक्क्यांच्या खड्ड्यात काय काय पडलंय ते बघितलं की ऑटोमेशनने नक्की काय सुटणार आणि काय सुटणार नाही हे समजतं. सेटिंगमध्ये वेळ जात असेल तर रोबोटने काडीचाही फरक पडणार नाही, तिथे टूल बदलायची पद्धत सुधारावी लागेल. बारीक थांबण्यात जात असेल, म्हणजे ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर गेल्यामुळे हे मशीन रिकामं उभं राहत असेल, तर मात्र ऑटो लोडिंगचा खरा उपयोग. आणि ही आकडेवारी महिनाभर तरी हवी, एका चांगल्या दिवसाची नको. लाईन बरी चालू असताना ही मोजणी शांतपणे होते, आग लागलेली असताना कोण मोजतं.

पैशाचा हिशोब करताना दोन्ही बाजूंनी चुका होतात. फायद्याच्या बाजूला लोक फक्त वाचलेला पगार मांडतात. खरं तर कमी झालेलं स्क्रॅप, रिवर्क, दुखापती, रात्रपाळीतला सारखेपणा, कस्टमरकडून परत न आलेला माल, हे सगळं तिथे यायला हवं आणि बऱ्याच वेळा तेच मोठं असतं. खर्चाच्या बाजूला उलटं होतं, रोबोटची किंमत दिसते पण ग्रिपर, फिक्स्चर, जाळी आणि गार्डिंग, पॅनल, पार्ट एका ओळीत आणून देणारं फीडर, प्रोग्रामिंग, ट्रेनिंग, स्पेअर हे सगळं नंतर समोर येतं. पूर्ण सेलच्या खर्चात नुसता रोबोट हा बऱ्याचदा अर्ध्याहूनही कमी असतो. फीडरचं तर खास सांगायला हवं. पेटीत कसेही पडलेले पार्ट माणूस न बघता उचलतो, आणि मशीनला तेच काम सगळ्यात अवघड जातं, त्याला कॅमेरा लागतो, थ्रीडी व्हिजन लागतं, तरी एकमेकांत अडकलेले पार्ट त्रास देतातच. त्यापेक्षा आधीच्या स्टेशनवरून पार्ट बाहेर पडतानाच ट्रेमध्ये ओळीने ठेवला तर? तो तेव्हा सरळच होता की, आपणच त्याला पेटीत फेकून त्याची दिशा घालवली.

आधी काम गरजेचंच आहे का हे विचारायला हवं, आणि याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण टेस्लाचं आहे. 2017-18 मध्ये मॉडेल 3 च्या वेळी त्यांनी कारखान्यात जमेल तिथे ऑटोमेशन घातलं आणि उत्पादन अडकलं. कन्व्हेयरचं एक गुंतागुंतीचं जाळं शेवटी काढून टाकावं लागलं, आणि एप्रिल 2018 मध्ये इलॉन मस्क यांनी जाहीरपणे लिहिलं की जास्तीचं ऑटोमेशन ही चूक होती आणि ती माझी होती. त्यातच बॅटरी पॅकवर फायबरग्लासच्या मऊ चटया बसवणारा रोबोट होता, मऊ गोष्ट उचलणं रोबोटला जमेना म्हणून सगळी लाईन तिथे अडायची. त्याला वेगवान करायचा प्रयत्न झाला, सुधारायचा झाला, आणि शेवटी कोणीतरी विचारलं की ही चटई कशासाठी आहे. एका विभागाने सांगितलं आवाजासाठी, आवाजवाले म्हणाले आगीसाठी असेल. चटईसकट आणि चटईशिवाय आवाज मोजून बघितला, फरकच कळेना, मग चटईच काढली. एवढे हुशार इंजिनिअर, एवढा पैसा, तरी घाईत हा प्रश्न शेवटी विचारला गेला. जे काम करायचीच गरज नाही त्याला रोबोट लावणं यासारखी महाग चूक नाही.

पण म्हणून रोबोटला घाबरायचं असंही नाही. पहिला औद्योगिक रोबोट युनिमेट 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीमधल्या प्लँटमध्ये लागला, आणि त्याला काम काय दिलं, तर डाय कास्टिंग मशीनमधून गरम तापलेले पार्ट बाहेर काढायचं. भाजणारं, धुराचं, कोणालाही नको असलेलं काम. पहिला सेल निवडायला आजही यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही, असं काम घ्या की ते गेल्याचं कोणालाच वाईट वाटणार नाही. उष्णता, धूळ, वजन उचलणं, दिवसभर मान वाकवून तेच तेच. लोकांना रोबोट आपल्या बाजूचा वाटतो आणि पुढच्या सेलला विरोध कमी होतो. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सच्या आकड्यांप्रमाणे 2023 मध्ये जगभरच्या कारखान्यांत सुमारे 42.8 लाख रोबोट चालू होते, म्हणजे आता हे काही प्रयोगाच्या अवस्थेतलं तंत्र राहिलेलं नाही, मशीन चालतात, प्रश्न आपल्या तयारीचा आहे.

माणसांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण हा भाग बहुतेक ठिकाणी घाईघाईत उरकतात. ऑटोमेशन आलं की काही कामं जातात, हे लपवू नये, लोकांना ते कळतंच आणि लपवलं की विश्वास जातो. पण वेळ हाताशी असेल तर खूप काही करता येतं. जी माणसं येत्या एक-दोन वर्षांत रिटायर होणार आहेत त्यांच्या जागा न भरता हळूहळू बदल करता येतो, कोणाला मेंटेनन्समध्ये, कोणाला तपासणीत, कोणाला सेल चालवायला शिकवता येतं. अचानक केलं तर यातलं काहीच होत नाही, सरळ कपात होते. म्हणून ज्याला आपल्या लोकांची काळजी आहे त्याने तर ऑटोमेशन आधीच सुरू करावं असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या हवा मारणाऱ्या ऑपरेटरसारखी माणसं प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवसापासून घ्यायची, उद्घाटनाच्या फोटोपुरती नाही. त्यांना रोबोटचा टीच पेंडंट, म्हणजे रोबोटला हालचाल शिकवायचा हातातला रिमोट, हातात द्या, पॉइंट शिकवू द्या. पार्ट कुठे पकडला की निसटत नाही हे त्यांच्या बोटांना माहीत असतं.

जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी 1924 मध्ये जो आपोआप चालणारा माग बनवला त्यात धागा तुटला की माग स्वतःच थांबायचा. ऐकायला छोटी गोष्ट वाटते, पण त्यामुळे एका माणसाला एका मागाजवळ डोळे लावून बसायची गरज राहिली नाही, तो कितीतरी माग सांभाळू लागला, आणि जो माग थांबला त्याच्याकडेच जायचा. पुढे टोयोटाने हाच विचार जिदोका म्हणून सगळ्या कारखान्यात नेला. चांगल्या ऑटोमेशनची ओळख मला यातच दिसते, गडबड झाली की ते थांबतं आणि माणसाला हाक मारतं. नुसतं वेगात चालत राहणारं मशीन म्हणजे वेगात स्क्रॅप बनवणारं मशीन.

याची दुसरी बाजू 1983 मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी एका शोधनिबंधात मांडली होती आणि ती आजही तितकीच खरी आहे. सोपी कामं मशीनला दिली की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि रोजचा हात सुटल्यामुळे त्या अवघड प्रसंगी नेमकं काय करायचं ते त्याला आठवत नाही. यावर उपाय म्हणजे अधूनमधून मुद्दाम हाताने लाईन चालवायची, ब्रेकडाऊनचा सराव करायचा, आणि सेल अडकला तर तो सुरक्षितपणे कसा सोडवायचा हे प्रत्येक शिफ्टमधल्या किमान दोघांना यायला हवं. एकालाच येत असेल तर तो सुट्टीवर गेला की सेलही सुट्टीवर.

सेफ्टीत मात्र जराही तडजोड नको. 1979 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या कास्टिंग प्लँटमध्ये पार्ट काढायला रॅकवर चढलेल्या एका कामगाराला रोबोटच्या हाताचा मार बसला आणि तो गेला. रोबोटने माणसाचा जीव घेतल्याची ही पहिली नोंदलेली घटना मानतात. रोबोट थांबलेला दिसतो म्हणजे तो बंद आहे असं नाही, तो कदाचित फक्त सिग्नलची वाट बघत असतो. म्हणून आत जायचं तर दार उघडताच पॉवर तुटणारं इंटरलॉक, आणि आत काम करायचं तर लॉकआऊट, कुलूप आपलं, किल्ली आपल्या खिशात. एक गोष्ट अनुभवी लोकही विसरतात, वीज बंद केली तरी न्यूमॅटिक लाईनमध्ये हवा भरलेली राहते आणि अडकलेला पार्ट हाताने सोडवला की सिलिंडर झटकन पुढे येतो, बोटं त्यातच जातात. हवा आधी सोडून द्यायची, गेज शून्यावर आलेला डोळ्याने बघायचा, मग हात घालायचा. कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेला रोबोट, असला की जाळी नको असाही एक समज आहे. माणसाला धक्का लागला की थांबणारा हात ठीक आहे, पण त्या हाताने धारदार कडेचा पत्रा पकडलेला असेल तर सेफ काय राहिलं? आयएसओ 10218 आणि कोबॉटसाठीचं आयएसओ टीएस 15066 ही स्टँडर्ड पूर्ण वापराचा विचार करायला सांगतात, नुसत्या हाताचा नाही.

व्हेंडरशी करार करताना काही गोष्टी आधीच लिहून घ्या, नंतर भांडून मिळत नाहीत. पीएलसी आणि रोबोटचा पूर्ण प्रोग्राम, त्यातल्या कॉमेंटसकट, पासवर्डशिवाय तुमच्याकडे आला पाहिजे. वायरिंगचे ड्रॉइंग जसं बसवलंय तसेच हवेत, सुरुवातीच्या डिझाइनचे नाही. व्हेंडरकडे जाऊन जी पहिली चाचणी घेता ना, तिथे आपले सगळ्यात वाईट पार्ट घेऊन जा, तेलकट, किंचित वाकडे, टॉलरन्सच्या टोकावरचे. चकाचक पार्टवर सगळेच सेल छान चालतात. आणि सेल नेटवर्कला जोडणार असाल तर व्हायरसचं बघा, ऑगस्ट 2018 मध्ये तैवानच्या टीएसएमसीसारख्या चिप बनवणाऱ्या बलाढ्य कंपनीत नवीन मशीनचं सॉफ्टवेअर टाकताना स्कॅन राहिला आणि वॉनाक्राय व्हायरसचा एक प्रकार पसरून कितीतरी मशीन बंद पडली. ऑफिसचं नेटवर्क आणि मशीनचं नेटवर्क वेगळं ठेवणं हे काही फार खर्चाचं काम नाही.

सगळं काही ऑटोमेट करायचं नसतं हेही तितकंच स्पष्ट सांगतो. डिझाइन अजून बदलतंय, बॅच दहा-वीसची आहे, पार्ट मऊ किंवा वेडावाकडा आहे, किंवा कच्च्या मालातच इतका फरक येतो की दर वेळी नजरेने ठरवावं लागतं, तिथे माणूसच बरा आणि स्वस्तही. तिथे ऑपरेटरला चांगलं फिक्स्चर, नीट उंचीचं टेबल आणि चांगला उजेड द्या.

या सगळ्याची सुरुवात करायला कोणाचीही मंजुरी लागत नाही. एक वही आणि घड्याळ घेऊन एका मशीनजवळ पूर्ण शिफ्ट उभं राहायचं. मशीन कधी थांबलं, किती वेळ थांबलं, कशामुळे, आणि ऑपरेटरने प्रोसेस शीटवर नसलेलं काय काय केलं ते लिहायचं, शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. दिवसपाळी झाली की तेच रात्रपाळीत करायचं, तिथे चित्र वेगळं निघतं. फक्त उभं राहायच्या आधी त्या ऑपरेटरला सांगा की कशासाठी आलोय आणि वहीत काय लिहिणार आहे, आणि शिफ्ट संपली की ती वही आधी त्यालाच दाखवा, काय राहिलं ते तोच सांगेल.